वाचलेला रुपया कोणाचा?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद यांवर जगणाऱ्या या मुलखात व्यापारी घराचे वर्ष मालाच्या आवकेप्रमाणे चालते. गावाला रेल्वे नाही. बाहेरगावी निघायचे तर आधी एसटीने हिंगोली किंवा वाशीम गाठावे आणि मग पुढचा विचार करावा, अशी रीत. म्हणूनच येथील जैन घरांत प्रवासाची तयारी डब्यापासून सुरू होते. शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ असो, जिंतूरजवळची नेमगिरी असो, की दूरचे कुंथलगिरी आणि श्रवणबेळगोळ. किती माणसे, किती दिवस आणि वाटेत सूर्यास्त कोठे होणार, हे ठरल्यावाचून पिशवी भरली जात नाही. पिठाच्या मर्यादेचाही हिशेब असतो. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन, हे घरातल्या लहान मुलीलाही पाठ असते.

अशाच एका घरात एका वर्षी वेगळ्या प्रवासाची गोष्ट निघाली. भुसार मालाचे दुकान चालवीत आयुष्य काढलेले आजोबा ७६ वर्षांचे झाले होते. आजींसह त्यांच्या संसाराला ५० वर्षे पूर्ण होत होती. थोरल्या मुलाने दुकान सांभाळायचे आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याने आईवडिलांना चार दिवस गोव्याला समुद्रकाठी न्यायचे, असे दोघा भावांनी परस्पर ठरवले. आजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. तीर्थयात्रा पुष्कळ झाल्या. पण देवदर्शनाचे निमित्त नसताना, केवळ विसाव्यासाठी घराबाहेर राहणे, हे त्या दोघांच्या आयुष्यात कधी घडलेच नव्हते.

आजोबांनी नकार दिला नाही. पण त्यांचा चेहरा उतरला. खर्चाची त्यांना भीती होती असे नव्हे. हंगामात शेतकऱ्याच्या मालाची पट्टी त्याच दिवशी चुकती करणाऱ्या माणसाला चार दिवसांचा मुक्काम जड नव्हता. त्यांना खुपत होते ते निराळेच. बाजारात माल घेताना दहा दुकाने फिरता येतात, भाव पटला नाही तर पाठ फिरवता येते. समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये मात्र भोवती दुसरे दुकान नसते, परतायला वाहन नसते आणि भूक तर वेळेवर लागतेच. जेथे नाही म्हणण्याची सोय नाही तेथे भाव ठरत नाही, तो सांगितला जातो, असे ते म्हणाले. व्यापाऱ्याच्या तोंडून निघालेले हे वाक्य रिसॉर्टच्या सगळ्या अर्थशास्त्राचे सार आहे.

खरोखरच अशा ठिकाणी जेवणाचा भाव पदार्थाचा कमी आणि पर्यायाच्या अभावाचा अधिक असतो. त्यात कराचाही भाग असतो, आणि तो अनेकांच्या ध्यानात येत नाही. ज्या हॉटेलातील खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असतो, तेथील उपाहारगृहात सर्वसाधारणपणे जेवणावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. रस्त्यापलीकडच्या साध्या उपाहारगृहात तोच कर ५ टक्के आहे. म्हणजे २,००० रुपयांच्या बिलावर एकीकडे ३६० रुपये आणि दुसरीकडे १०० रुपये. पाण्याचेही तसेच. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त दर हॉटेल लावू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. कारण तेथे बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही दिली जाते. सेवाशुल्काची गोष्ट याउलट आहे. ते आपोआप बिलात मिळवता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली स्पष्ट केले आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. बिल वाचणे ही कृपणता नाही. जो माणूस दुकानात काट्यावरचे वजन दोनदा पाहतो, त्याने भोजनानंतर बिलावरून एकदा नजर फिरवली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहणाऱ्या लेकीचा फोन आला. आदल्या हिवाळ्यात ती कुटुंबासह जमैका बेटावर जाऊन आली होती. तिने सुचवले, ‘बाबा, तिकडे सगळे एकाच रकमेत असते. एकदा पैसे भरले की खोली, तिन्ही वेळचे जेवण, पेय, सगळे त्यातच. मनगटावर एक पट्टी बांधतात, मग खिशात हात घालायला नको. तसे काही शोधा ना.’ ही पद्धत तशी जुनीच आहे. १९५० साली भूमध्य समुद्रातील मयोर्का बेटावर ‘क्लब मेडिटेरेनियन’ने तंबूंच्या वसाहतीत एकाच रकमेत सुटी देण्यास आरंभ केला. पुढे कॅरिबियन बेटांनी ती आपलीशी केली. जमैकातील माँटेगो बे येथे १९८१ मध्ये उघडलेल्या ‘सँडल्स’ने तिला मोठे रूप दिले. त्या बेटांवर बरेचसे अन्न जहाजाने बाहेरून येते, त्यामुळे सुट्या जेवणाचे दर चढे असतात आणि पाहुण्याला एकरकमी योजना सोयीची वाटते.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘त्या एका रकमेत दारूही धरलेली असते का?’ लेक क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘हो, असते.’ ‘आणि मांसाहारही?’ ‘तोही असतोच, बाबा.’ मग आजोबा म्हणाले, ‘म्हणजे जो पीत नाही तो पिणाऱ्याचे पैसे भरतो. त्यात आपली काय बचत झाली?’

हा प्रश्न केवळ धर्माचा नव्हता, हिशेबाचाही होता. एकरकमी योजनेत सर्वांचा सरासरी खर्च सर्वांवर वाटलेला असतो. जो सरासरीपेक्षा अधिक खातो-पितो त्याला ती स्वस्त पडते आणि जो मोजके खातो त्याला महाग. सूर्यास्तानंतर न जेवणारे, कंदमूळ वर्ज्य करणारे, मद्याला न शिवणारे कुटुंब अशा योजनेत दुसऱ्याच्या ताटाचे आणि पेल्याचे पैसे भरत असते. लेकीलाही ते पटले. तिने मग तिकडचीच दुसरी बाजू सांगितली. जमैकात लाल क्रमांकपट्टी असलेल्या सामायिक टॅक्सी ठरावीक मार्गांवर धावतात आणि स्थानिक लोक त्यांतूनच येजा करतात. रास्ताफारी पंथाच्या लोकांची ‘आयटल’ नावाची शाकाहारी खानावळ तेथे मिळते. त्रिनिदाद बेटावर तर ‘डबल्स’ नावाचा पदार्थ रस्त्यावर विकला जातो. दोन मऊ वड्यांमध्ये, म्हणजे तिकडच्या ‘बारा’मध्ये, घातलेले ते हरभऱ्याचे कालवण. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातील मजूर घेऊन तेथे पोचले. त्या वंशजांच्या हातची ही चव. त्यात लसूण असतो, म्हणून ज्याचा नियम असेल त्याने विचारूनच घ्यावे. पण रिसॉर्टच्या कुंपणाबाहेरही माणसे राहतात, जेवतात आणि प्रवास करतात, आणि ती काही राजे नसतात, एवढी गोष्ट त्या बोलण्यातून घरच्यांच्या ध्यानात आली.

धाकट्या मुलाने मग गोव्यातील मुक्कामाची कागदपत्रे नव्याने तपासली. आपल्याकडील हॉटेले जेवणाच्या चार योजना देतात. युरोपियन प्लॅनमध्ये केवळ खोली. काँटिनेंटल प्लॅनमध्ये खोली आणि न्याहारी. मॉडिफाइड अमेरिकन प्लॅनमध्ये न्याहारी आणि आणखी एक जेवण, जे बहुधा रात्रीचे असते. आणि अमेरिकन प्लॅनमध्ये तिन्ही जेवणे. त्याने आधी तिसरी योजना घेतली होती, कारण ती किफायतशीर दिसत होती. चौकशी केल्यावर कळले की रात्रीचे जेवण साडेसातला मांडले जाते. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे चार दिवसांची चार जेवणे, आईवडिलांची तर नक्कीच, पैसे भरून तशीच सोडून द्यावी लागली असती. स्वस्त दिसणाऱ्या योजनेतील हा खड्डा व्रतामुळे दिसला. त्याने न्याहारीची योजना घेतली, आणि नाताळच्या आठवड्यात दर चढतात म्हणून मुक्काम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवला.

येथवर सारे सुरळीत झाले. पण आजोबांचे मन काटकसरीच्या वाटेवर एकदा लागले की थांबत नसे. त्यांनी नवी सूचना मांडली. रिसॉर्ट कशाला? स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी. पीठ, डाळ, तांदूळ, मसाला घरचा न्यावा, भाजी तेथे घ्यावी. पाच माणसांचे चार दिवसांचे बाहेरचे जेवण वाचेल, शुद्धतेचीही चिंता नाही, आईला हवे ते हवे तेव्हा करता येईल. त्यांनी कागदावर आकडे मांडले. आकडे बिनचूक होते. वाचणारी रक्कम लहान नव्हती.

आजी काही बोलल्या नाहीत. त्या डब्यांच्या फळीकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या घरात त्यांच्या गप्प राहण्याला संमती मानण्याची सवय होती. ती सवय त्या दिवशी धाकट्या सुनेने मोडली. ती फोनवर होती आणि तिने अत्यंत आदराने विचारले, ‘बाबा, हिशेबात एक रक्कम राहिली आहे, सांगू का? पहाटे उठून पाणी गाळायचे, न्याहारी करायची, दुपारचा स्वयंपाक करायचा आणि सूर्यास्ताच्या आत पुन्हा ताटे वाढायची. हे कोण करणार? आई आणि मी. साखऱ्यातही आई हेच करतात. मग समुद्र कोण पाहणार?’

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आजोबा रागावतील असे सर्वांना वाटले. ते रागावले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा पाहिला. दुकानात मालाचा भाव काढताना हमाली आणि तोलाई न धरणाऱ्या नवशिक्या मुनिमाला त्यांनी अनेकदा झापले होते. मालाला हात लावणाऱ्याची मजुरी हिशेबातून वगळली तर नफा खोटा निघतो, हे ते सांगत आले होते. त्यांच्याच कागदावर दोन स्त्रियांची मजुरी शून्य धरलेली होती. ५० वर्षांत आजींनी लग्नकार्ये, तीर्थावरच्या भोजनशाळा आणि माहेरचे दिवस सोडले तर स्वतः न रांधलेले अन्न खाल्ले नव्हते, आणि तो खर्च कोणत्याही वहीत कधी लिहिला गेला नव्हता.

त्यांनी कागदावर आडवी रेघ ओढली आणि आजींना विचारले, ‘तुम्हाला काय वाटते?’ प्रश्न लहान होता. पण असा प्रश्न विचारण्याची त्या घरात पद्धत नव्हती. आजी म्हणाल्या, ‘संध्याकाळचे मी बघते, ते सोपे आहे. दुपारी मात्र कोणीतरी वाढावे आणि मी बसून जेवावे.’

अखेर ठरले ते असे. सकाळी हॉटेलची न्याहारी, तीही सावकाश. कारण तिचे पैसे खोलीच्या भाड्यातच आलेले. पोहे, इडली, उपमा, फळे यांत व्रताला बाधा न आणणारे पुष्कळ असते. कांदा-लसूण-बटाटा नको हे आदल्या रात्री स्वयंपाक्याला सांगून ठेवले तर तो आनंदाने वेगळे काढून देतो. ऐन वेळी सांगितले तर त्याचाही खोळंबा होतो. दुपारचे मुख्य जेवण बाहेर, साध्या शाकाहारी उपाहारगृहात. संध्याकाळी साडेपाचच्या आत घरून आणलेला खाकरा, मेथीची पुरी, जवसाची चटणी आणि तेथली केळी व शहाळे. गोव्यातील मोयरे गावाची केळी प्रसिद्ध आहेत. घरातून नेलेल्या कोरड्या फराळाला त्यांची जोड मिळाली की जेवण अपुरे वाटत नाही. पाण्यासाठी एक किटली आणि गाळणे बरोबर घेतले. खोलीत पाणी उकळून, निववून बाटल्या भरायच्या. आजींचा नियम पाळला गेला आणि बाटल्यांचा खर्चही आपोआप टळला.

प्रवासाचा हिशेबही याच रीतीने झाला. साखऱ्याहून पुण्यापर्यंत एसटी. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना महाराष्ट्रात एसटीचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे आणि महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट. ओळखपत्र मात्र जवळ हवे. आजोबांना फुकट जाण्याचा संकोच वाटला. तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, ‘बाबा, हा हक्क शासनाने वयाला दिला आहे, गरिबीला नाही. आणि तुम्ही ५० वर्षे कर भरला आहे.’ रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, म्हणून पुण्याहून मडगावपर्यंतचे गोवा एक्सप्रेसचे आरक्षण पुष्कळ आधी, पूर्ण भाड्याने केले. लांबच्या प्रवासात बचत होते ती लवकर ठरवण्यातून; उशिरा ठरवणारा दलालाला किंवा विमानाच्या चढ्या दराला पैसे देतो.

मुक्कामाची जागाही वाहनाचा विचार करून बदलली होती. आधी पाहिलेला रिसॉर्ट एकांतात होता, दर थोडा कमी होता; पण तेथून कोठेही जायचे तर टॅक्सीवाचून गत्यंतर नव्हते. बदली घेतलेली जागा दक्षिण गोव्यात कोलव्याजवळ होती. तेथून मडगावला दिवसभर बसगाड्या असतात. खोलीच्या दरातील फरक दोन दिवसांच्या वाहनखर्चातच भरून निघाला. मडगाव स्थानकावर उतरल्यावर सामान आणि दोन वृद्ध माणसे बरोबर असताना त्यांनी आगाऊ दराची टॅक्सी घेतली. तेथे बस शोधत बसण्यात शहाणपण नव्हते. नंतर मात्र बसच. मडगावहून कदंब परिवहनची पणजीला जाणारी न थांबणारी शटल गाडी मिळते. खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेत उभे राहायचे आणि बसायचे. पणजीत मांडवीच्या काठी फेरीबोट बेतीमला जाते आणि पायी चालणाऱ्याला तिकीट लागत नाही. आठ वर्षांच्या नातीने तीन फेऱ्या केल्या. चार दिवसांत तिला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट कोणती, असे विचारले तर ती अजून त्या फेरीबोटीचेच नाव घेते.

गोव्यात रात्री बसगाड्या विरळ होतात आणि मग टॅक्सीशिवाय उपाय नसतो. या कुटुंबाला तो प्रश्न आलाच नाही, कारण सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी त्यांना परतायचेच असे. जेवणाचा नियम वाहनाचाही नियम झाला. संध्याकाळी सारे कोलव्याच्या वाळूत बसत. त्या बसण्याला भाडे नव्हते. आजी पहिल्या दिवशी पाण्यापासून दूर राहिल्या; तिसऱ्या दिवशी सुनेचा हात धरून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

एक दिवस मात्र पूर्ण दिवसाची टॅक्सी केली. फोंडा तालुक्यातील बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. गोव्यातही एके काळी जैन वस्ती नांदत होती, याची ती खूण. नार्वे येथील जैनकोटाचे अवशेषही त्याच परंपरेतले. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा त्याच परिसरात. बसने हे सारे करता आले असते; पण तीन ठिकाणी गाडी बदलावी लागली असती आणि आजींचे गुडघे दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर पडू देते ना. पाच तिकिटे, दोन रिक्षा आणि वाया गेलेला एक दिवस यांची बेरीज टॅक्सीच्या भाड्याजवळ जाते. काटकसरीचा अर्थ दर वेळी स्वस्त वाहन असा होत नाही. बांदिवड्याच्या त्या पडक्या भिंतींपाशी आजोबा बराच वेळ बसून राहिले. विसाव्याच्या प्रवासात न ठरवलेले दर्शन घडले, एवढेच ते म्हणाले.

त्या मुक्कामात एकदाच वाद झाला. धाकट्या मुलाला एका कामासाठी एकट्याने मडगावला जायचे होते. गोव्यात परवाना असलेले मोटारसायकलस्वार भाडे घेऊन प्रवासी नेतात. त्यांना ‘पायलट’ म्हणतात. एकट्या माणसाला ते टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते. मुलाने भाव विचारला, घासाघीस केली आणि वीस रुपये कमी करून घेतले. परतल्यावर त्याने ते कौतुकाने सांगितले. आजोबांनी विचारले, ‘मूळ सांगितलेला भाव अवाजवी होता का?’ मुलगा म्हणाला, ‘नाही, वाजवीच होता. पण कमी होतो म्हटल्यावर केला.’ आजोबा म्हणाले, ‘मोठ्या हॉटेलच्या बिलात आपण एक रुपया कमी करून घेऊ शकत नाही, म्हणून ज्याच्याकडून घेता येतो त्याच्याकडून घेतला. ही बचत नव्हे.’ मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच पायलटबरोबर गेला आणि सांगितलेले पूर्ण भाडे दिले. मागच्या वीस रुपयांचा उल्लेख त्याने केला नाही; उतरताना तेवढे अधिक दिले.

या एका प्रसंगात त्या सगळ्या प्रवासाचे मर्म आहे. पैसा वाचतो तेव्हा तो कोठून तरी येतो. न घेतलेल्या रात्रीच्या जेवणातून आला, न प्यायलेल्या मद्यातून आला, आधी केलेल्या आरक्षणातून आला, बिलातील चुकीच्या रकमेतून आला, तर तो निर्दोष आहे. कारण तो आपल्याच अतिरेकातून किंवा आळसातून परत मिळाला. पण तो स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीच्या विश्रांतीतून, वाहन चालवणाऱ्याच्या मजुरीतून किंवा खोली झाडणाऱ्या बाईच्या बक्षिसीतून आला असेल, तर खर्च कमी झालेला नसतो. तो दुसऱ्याच्या नावावर टाकलेला असतो.

तीर्थक्षेत्री हाच विवेक आणखी सूक्ष्म होतो. धर्मशाळेचे नाममात्र भाडे आणि भोजनशाळेचे अल्प दराचे कूपन पाहून पुष्कळ सधन कुटुंबे आनंदाने म्हणतात की यात्रा स्वस्तात झाली. ती स्वस्तात झालेली नसते. त्या ताटाचा उरलेला खर्च कोणा दात्याने आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ आधीच भरलेला असतो. ज्याला आवश्यकता आहे त्याने ते ताट निःसंकोच घ्यावे, त्यासाठीच ते आहे. ज्याला आवश्यकता नाही त्यानेही शुद्ध आहारासाठी ते जरूर घ्यावे. पण वाचलेली रक्कम स्वतःची मानू नये. साखऱ्याच्या या आजोबांचा जुना नियम असा आहे की भोजनशाळेत जेवल्यावर बाहेरच्या जेवणाला जेवढे लागले असते तेवढ्यातून कूपनाची रक्कम वजा करून उरलेले तेथील भांडारात टाकायचे. नाव लिहायचे नाही आणि पावती मागायची नाही. श्रावकाच्या व्रतांमध्ये भोगोपभोगाचे परिमाण सांगितले आहे आणि अतिथिसंविभागही सांगितला आहे. पहिले व्रत आपल्या ताटाची सीमा ठरवते. दुसरे त्या सीमेपलीकडे उरलेल्याचे काय करायचे ते सांगते. पहिले पाळून दुसरे विसरणारा माणूस काटकसरी दिसतो खरा, पण त्याच्या काटकसरीला फळ धरत नाही.

व्यापारी घरांतील तरुण पिढी आता देशात आणि परदेशात विसाव्यासाठी जाऊ लागली आहे, आणि त्यात गैर काही नाही. थकलेल्या शरीराला आणि एकमेकांना वेळ न देऊ शकलेल्या माणसांना चार दिवस एकत्र हवेच असतात. निघण्यापूर्वी तीन गोष्टी घरातल्या सर्वांनी बसून ठरवाव्यात, एवढीच अपेक्षा. आपले भोजनाचे नियम कोणते आणि हॉटेलची कोणती योजना त्यांत बसते. मुक्कामाच्या दारातून सार्वजनिक वाहन मिळते की नाही. आणि बचतीची प्रत्येक सूचना अमलात आणण्यासाठी नेमके कोणाचे हात लागणार आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोबाइलवर सापडतात. तिसऱ्याचे उत्तर घरातच मिळते; मात्र ज्यांना आजवर विचारले गेले नाही त्यांना ते विचारावे लागते.

साखऱ्याच्या त्या घरात गोव्याच्या प्रवासाचा हिशेब वहीत मांडून ठेवला आहे. आधी घेतलेल्या योजनेच्या तुलनेत जी रक्कम वाचली तिच्या समोर आजोबांनी जमाखर्चाची नेहमीची खूण केली नाही. ती रक्कम त्यांनी आजींच्या हाती दिली आणि ती कशी खर्चायची हे त्यांनीच ठरवावे असे सांगितले. आजींनी तिचे दोन भाग केले. एक शिरपूरच्या भोजनशाळेसाठी बाजूला ठेवला. दुसरा अजून त्यांच्याजवळच आहे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एकदा समुद्र पाहावा असे त्यांच्या मनात आहे, आणि या वेळी थोरल्या सुनेला बरोबर न्यायचे आहे. ती बिचारी मागच्या वेळी सगळ्यांचे डबे भरून देऊन घरी राहिली होती.